गोव्यातल्या तळ्यांचे आणि धरणांचे काठ: तुमचे अनुभव लिहा

फोंड्याची: आधीच सांगते, समुद्र नको. कळंगुट-कोलव्याचं लिहायला जग आहे. इथे हवेत तळ्यांचे, धरणांचे काठ आणि त्यांच्या आसपासची गावं, धक्के, रानं. चालत, स्कूटरवरून, फेरीतून, कसंही पाहिलेलं चालेल. नुसता बोटीतला फोटो असला तरी टाका, पण त्या तळ्याचं पाणी पुढे कुठे जातं तेही जमलं तर लिहा.

सुरुवात माझ्यापासून. करमळी स्टेशनावर उतरलं की तळं जवळच. कोकण रेल्वेने जाणाऱ्यांना ते खिडकीतून दिसतं आणि बहुतेकांना तो पावसाने साचलेला पाणवठा वाटतो. हिवाळ्यात सकाळी लवकर जा. अडई बदकांचे थवे, काणूक, पानांवरून चालणारे कमळपक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या आणि बाहेरून आलेली तलवार बदकं. तळ्याला मानस आहे, म्हणजे पाणी अडवायची-सोडायची दारं. खालच्या शेतांना पाणी इथूनच मिळतं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तळाच्या मोठ्या भागात भात घ्यायची इथली जुनी रीत. जिथे बदकं पोहत होती तिथे पुढे माणसं चिखलात वाकलेली दिसतात. पक्षी बघायला येणाऱ्यांनी बांधावर गाड्या लावून शेतकऱ्यांची वाट अडवू नये, एवढं माझं म्हणणं.

तिथून मी दर वेळी जुन्या गोव्याच्या धक्क्यावर जाते. व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ नदीकडे. पोर्तुगीज राज्याचे अधिकारी जहाजातून उतरून याच वाटेने शहरात शिरायचे. 1843 मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला गेली, आणि आता धक्क्यावर दिवाडी बेटाची फेरीबोट लागते. फेरीत पाच मिनिटं वाऱ्यावर उभं राहावं आणि पलीकडे उतरून चहा घ्यावा.

सावर्ड्याचा: तळं म्हणता तर आमचं कुडचड्याचं नंदा तळं घ्या. 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, गोव्यातली पहिली पाणथळ जागा. 42 हेक्टर. त्यापूर्वी आमच्या शाळेतल्या मास्तरांनीसुद्धा त्याचं कौतुक केलेलं आठवत नाही. जुवारी नदीच्या फाट्याला लागून आहे. पावसाळा सरला की पाणी अडवून धरतात आणि खालच्या शेतांना वायंगणासाठी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातासाठी, पुरवतात.

पण मला लिहायचं आहे ते नदीकाठचं. आजोबा बार्जवर, म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट बोटीवर, खलाशी होते. खाणीचा माल ट्रकांतून धक्क्यावर यायचा, बार्ज भरायची आणि भरती बघून निघायची, कारण भरलेली बार्ज ओहोटीला गाळात टेकली तर पुढची भरती येईपर्यंत तिथेच. जुवारीने खाली मुरगाव बंदरात, तिथून मोठ्या जहाजात. घरातलं घड्याळ भरती-ओहोटीवर चालायचं; आजी भात कधी शिजवायचं ते पंचांग बघून ठरवायची. 2012 ला खाणी बंद पडल्या आणि रस्त्यावरची लाल धूळ बसली. तळ्याकडे फिरायला येणाऱ्यांना ही शांतता आवडते. आमच्या वाड्यावर तिच्याबद्दल दोन मतं आहेत.

डिचोलीवाला: मये. पायडल बोटी, भेळ, सहलीची बस. सकाळी आठच्या आत गेलात तर झाडी आणि पाणी, नंतर गोंगाट. आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

फोंड्याची: @डिचोलीवाला, तळ्यापेक्षा तुमचा कंटाळाच मोठा दिसतो! 😄

वाळकिणीची लेक: माझा काठ दर वर्षी जागा बदलतो.

आईचं माहेर कुर्डी. साळावली धरणाच्या पोटात गेलं. पाणी उन्हाळ्यात उतरतं आणि मे महिन्यात गाव वर येतं: जोती, विहिरींचे कठडे, तुळशीवृंदावनं, भेगाळलेली जमीन. सोमेश्वराच्या देवळाचा उत्सव तेव्हाच होतो. गाव उठवून जिथे वसवलं त्या वाडे, वाळकिणीहून, कुठून कुठून माणसं येतात. आई चिखलातून सरळ एका जोत्याकडे जाते आणि "इथे न्हाणी, इथे गोठा" असं माझ्या मुलांना दाखवते. मुलांना तिथे फक्त दगड दिसतात. तिला दिसतं ते आम्हाला दिसणं शक्य नाही, आणि ती तसा आग्रहही धरत नाही.

गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या, 1904 चा जन्म. त्यांच्या घराची जागाही लोक दाखवतात. कदंबकाळातलं महादेवाचं देऊळ मात्र पाण्यात जाऊ दिलं नाही. दगड दगड सोडवून धरणाजवळ पुन्हा उभं केलं. देवळाला नंबर लावून हलवता येतं. आमच्या फणसाला कोण नंबर लावणार, असं मामा म्हणतो.

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः येऊन बोलले होते, धरणामुळे सगळ्या दक्षिण गोव्याला पाणी मिळेल म्हणून. मिळालं, मडगावला विचारा. आमच्या नळाचं मात्र विचारू नका.

पावसाळ्यात धरण भरल्यावरही जा. सांडवा बदकाच्या चोचीसारखा आहे, पाणी तिन्ही बाजूंनी आत कोसळतं. मी तिथे उभी राहते, पण आईला त्या बाजूला नेत नाही.

कुडतरकार: वरचं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. आमचं साधं आहे. सेंट आलेक्स चर्चसमोर तळं, तळ्यापुढे शेतं. कुडतरीला साष्टी तालुक्याचं भाताचं कोठार उगाच म्हणत नाहीत. संध्याकाळी बांधावरून चाला, चपला हातात घेऊन.

पेडण्याचा पोर: समुद्र नको म्हटलंय खरं, पण हरमलचं गोड्या पाण्याचं तळं समुद्राला पाठ लावून बसलंय, मध्ये फक्त वाळूचा पट्टा! एका बाजूला खारं, दुसऱ्या बाजूला गोडं. पुढे केरीला जाऊन तेरेखोलची फेरी घ्या. चालेल का?

फोंड्याची: चालेल. पट्ट्याच्या अलीकडे राहायचं.

सांगेकर: नेत्रावळीची बुडबुड्यांची तळी कुणीच लिहिली नाही? गोपीनाथाच्या देवळासमोर, पायऱ्या असलेली. टाळी वाजवली की बुडबुडे वर येतात. पण पाण्यात पाय घालून रील काढू नका, देवाची तळी आहे.

डिचोलीवाला: @वाळकिणीची लेक, मे महिन्यात कुर्डीला यायचं आहे. नेमकं कधी?

वाळकिणीची लेक: उत्सवाची तारीख कळली की इथे टाकते. तोपर्यंत एवढंच, सावलीला एक झाड नाही. टोपी आणि पाणी घेऊन या, आणि घरांच्या जोत्यांवर चढून फोटो नकोत.

सावर्ड्याचा: त्याआधी डिसेंबरात करमळीला कोण कोण? माझ्याकडे दुर्बीण नाही.

फोंड्याची: माझ्याकडे आहे. सकाळची गाडी पकडून या, चहा दिवाडीला.