१०३ टक्के लसीकरण आणि तरीही गोवर: आकडा आला कुठून ते आधी बघा

छेदवाला
काल इथेच एकाने लिहिलं, ‘आमच्या तालुक्यात गोवर-रुबेला मोहीम १०३ टक्के झाली होती, तरी पोरांना गोवर निघाला. म्हणजे लसच कुचकामी.’ खाली बऱ्याच जणांनी री ओढली. राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

शंभराच्या वर आकडा गेला तेव्हाच गणितात गडबड आहे हे कळायला हवं होतं. अंशात, म्हणजे ‘किती टोचली’ यात, टॅलीशीटवरच्या रेघा: लस दिली की कागदावर मुलामागे एक रेघ. त्यात शेजारच्या तालुक्यातून शाळेत येणारी मुलं आली, पंधरा वर्षं उलटलेली, म्हणजे मोहिमेच्या वयात न बसणारी आली. जिथे संध्याकाळी रिकाम्या कुप्या मोजून आकडा भरला, तिथे वाया गेलेले डोससुद्धा आले. दहा डोसची कुपी एकदा विरघळवली की चार तासांत संपवायची, उरेल ते फेकायचं. सहा मुलांना टोचलं आणि चार डोस फेकले, तरी कागदावर दहा. छेदात, म्हणजे ‘एकूण मुलं किती’ यात, कुठे २०११ च्या जनगणनेवरून वाढवत आणलेली लोकसंख्या, कुठे आशाताईंची घरयादी. ज्या गल्लीला आशाच नेमलेली नाही ती गल्ली अंशातही नाही, छेदातही नाही. ती सुटली हे टक्केवारीत कधीच दिसणार नाही.

नवव्या महिन्यात दिलेला एक डोस साधारण ८५ टक्के मुलांना लागू पडतो, दुसऱ्यानंतर ९५ च्या पुढे जातो. लसीला नावं ठेवण्याआधी मोजणी तपासा.

मायक्रोप्लॅन
टॅलीशीटला शिव्या घालणं सोपं आहे. मोहीम चालू असताना रोज संध्याकाळी हातात येणारी तीच एक गोष्ट असते. समजा एका सत्राला, म्हणजे एका जागच्या एका दिवसाच्या लसीकरणाला, १२० मुलं अपेक्षित होती आणि ६० आली, तर उद्या पथक कुठे पाठवायचं ते तिथल्या तिथे ठरतं. सर्वेक्षणाचा निकाल येईपर्यंत पथकं केव्हाच पांगलेली असतात. १०३ चा घोळ तालुक्याची एकत्र बेरीज केल्यामुळे झाला. सत्रनिहाय कागद उघडा, शाळेत १३० आणि मागच्या वस्तीत ५५ दिसेल.

तीस_गुणिले_सात
ते ‘अपेक्षित १२०’ आणलं कुठून? त्याच घरयादीतून ना? मग यादीत नसलेलं मूल तुम्हाला उद्याही सापडणार नाही. स्वतंत्र सर्वेक्षणाला पर्याय नाही.

छेदवाला
सर्वेक्षण हवंच, पण तुमच्या नावातलं नको. तीस समूह (गावं किंवा वस्त्या), प्रत्येकी सात मुलं, एकूण २१०. आकडा ९० आला तरी मागेपुढे सहा टक्के धरावे लागतात. म्हणजे ९५ चं उद्दिष्ट गाठलं की ८५ लाच अडकलो, हे त्यातून सांगता येत नाही. शिवाय पहिलं घर निवडल्यावर पुढची उघडी दारं घेत सात मुलं भरायची जुनी पद्धत. कुलूपबंद घर सुटतं, आणि आईबाप दोघं कामावर असलेल्या त्याच घरातलं मूल लसीला मुकलेलं असण्याची शक्यता जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या पुस्तिकेने हे बदललं: समूहातली सगळी घरं आधी नोंदवा, त्यातून चिठ्ठीने निवडा, कुलूप असेल तर पुन्हा जा. घर बदलायचं नाही.

उशीर मात्र करू नका. लस दिल्यावर नखावर केलेली खूण काही आठवड्यांत जाते, मोहिमेचं कार्ड हरवतं. मग आईला नुसतं ‘सुई लागली का’ असं विचारून भागत नाही. पेंटा (तान्ह्या बाळांची पाच रोगांवरची एकत्र लस) मांडीत देतात, ही गोवर-रुबेलाची उजव्या दंडात. जागा दाखवून विचारा.

ऊसतोड_पट्टा
तुम्ही छेदावर भांडताय, पण महाराष्ट्रात ही मोहीम सुरू झाली २७ नोव्हेंबर २०१८ ला. तेव्हा बीडच्या ऊसतोड कुटुंबांची पोरं गावात होती का? गाळप सुरू होऊन कारखान्यांच्या भागात त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडलेल्या होत्या. बीडच्या छेदात मोजलेलं मूल कोल्हापुरात टोचलं गेलं तर इकडे आकडा पडतो, तिकडे फुगतो. आणि नाही टोचलं, तर दोन्ही जिल्हे एकमेकांकडे बोट दाखवतात.

मायक्रोप्लॅन
वीटभट्ट्या, कोप्या, बांधकामं यांची जोखमीच्या ठिकाणांची वेगळी यादी असते. कुणी काही केलंच नाही असा सूर लावू नका.

ऊसतोड_पट्टा
कर्मचाऱ्यांना कोण बोललंय? नीट वाचून उत्तर द्या! यादी केली त्या दिवशीची ती. फड संपला की टोळी हलते. आज कोणती टोळी कुठल्या शिवारात आहे हे कारखान्याच्या शेती विभागाला माहीत असतं, तिथून रोज घ्या. मुकादमाकडे कोयत्यांचा, म्हणजे तोडणी करणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्यांचा हिशेब असतो, मुलांचा नाही. म्हणून मुलं कोपीवर जाऊनच मोजावी लागतात, तीही संध्याकाळी. दिवसा तान्ही पोरं आईबरोबर फडात असतात. सकाळी अकराला गेलेल्या पथकाला रिकाम्या कोप्याच दिसणार.

साथरोग
एवढा काथ्याकूट कशाला? २०२२ ला गोवंडीत, मालेगावात साथ आली, यातच मोहिमेचा निकाल लागला.

छेदवाला
अजिबात नाही. २०२२ मध्ये चार वर्षांच्या आतलं मूल २०१८ च्या मोहिमेत जन्मलेलंही नव्हतं. ती नेहमीच्या लसीकरणातली तूट, त्यात कोविडची दोन वर्षं.

तीस_गुणिले_सात
सात मुलांच्या कोट्याबद्दल तुमचं मान्य करावं लागेल, मर्जीने नाही. पण तुम्हीही चुकीचाच प्रश्न विचारताय. समजा १०० मुलांपैकी ८८ ना आधीच डोस मिळालाय, १२ कोरी आहेत, म्हणजे एकही डोस न मिळालेली. मोहिमेने ९० जणांना टोचलं. सुटलेली दहा जर कशीही विखुरलेली असतील, तर कोरं मूल एखादंच उरेल. पण ती दहा त्या बारातलीच असतील, तर दहा कोरी मुलं राहिली आणि तीही एकाच वस्तीत. दोन्हीकडे ‘९० टक्के’. कोऱ्यांपैकी किती गाठली हे मोजा.

मायक्रोप्लॅन
आता काहीतरी कामाचं बोललात. पण टॅलीशीटवर ‘याआधी गोवरचा डोस नाही’ असा रकाना वाढवलात तर शाळेत तो भरणार कसा? बारा वर्षांच्या मुलाचं बाळपणीचं कार्ड वर्गात कुणाकडे असतं? पाच वर्षांखालच्यांपुरता ठेवा, अंगणवाडीत कार्ड बघूनच रेघ मारायची, आणि कार्ड नसेल तर ‘माहीत नाही’ची वेगळी रेघ. ‘माहीत नाही’ आणि ‘नाही’ एकत्र केलंत तर हाही आकडा वाया जाईल.