टांझानियातल्या कांदा उत्पादकांची सहकारी संस्था: आधी नोंदणी की आधी चाळ?

कांदाचाळ_निफाड:
टांझानियात मांगोला भागात झऱ्यांच्या पाण्यावर कांदा होतो. तिथल्या चाळीस शेतकऱ्यांच्या गटाला नाशिकमधून मदत करायची आहे. निधी बेताचा आहे. आधी संस्था नोंदवावी की कांदा साठवायची चाळ बांधून द्यावी?

सटाणा_सचिव:
दादा, दोन्ही थांबवा, आधी वजनकाटा न्या. तिथे 'लुंबेसा' चालतो. गोणी तोंडापर्यंत भरली की वर जाळी शिवून कांद्याची टोपी चढवतात आणि पैसे एकाच गोणीचे देतात. १०० किलोच्या वर गोणी भरायला कायद्याने बंदी आहे, पण बांधावर काटाच नसेल तर जास्तीचं वजन दाखवणार कसं? ३०० किलोचा बॅटरीवरचा प्लॅटफॉर्म काटा, २० किलोची दोन प्रमाणित वजनं आणि स्वाहिलीत छापलेलं दुहेरी पावतीपुस्तक, एवढं पुरे. रोज सकाळी सभासदांसमोर वजनं ठेवून काटा तपासायचा. हा एक नेम मोडला की पावतीवरचा विश्वास गेलाच.

दिंडोरी_पाणीसंस्था:
नोंदणीची घाई का नको, तेही सांगतो. टांझानियात १९७६ मध्ये सरकारने सहकारी संघच बरखास्त केले होते. संस्था वरून येते नि वरूनच जाते, असं लोकांना वाटलं तर त्यात नवल नाही. म्हणून भागभांडवल त्यांच्याच खिशातून उभं राहू द्या, तुमच्या देणगीतून नको. सुरुवात बचत गटाने करा. १९९१ मध्ये नायजरमध्ये सुरू झालेली पद्धत आफ्रिकेत चांगली रुजली आहे: १५ ते २५ जण, तीन कुलपांची पेटी, किल्ल्या तिघांकडे, पेटी चौथ्याकडे, हिशेब सगळ्यांसमोर, वर्षाअखेर वाटप. चाळीस जणांचे दोन गट होतील. वर्षभर हिशेब जुळला की मग २०१३ च्या सहकार कायद्याखाली नोंदणी करा. पोटनियम स्वाहिलीतच लिहा, नाहीतर फक्त सचिवालाच कळतील.

लासलगाव_पट्टी:
संस्था बुडते ती बहुतेक उचलीवरून, म्हणजे माल देताच हातात मिळणाऱ्या आगाऊ रकमेवरून. शेतकऱ्याला फी भरायची असते, व्यापारी रोख घेऊन दारात उभा असतो आणि संस्था म्हणते 'महिन्याने या'. मग माल बाहेर जाणारच, त्याला दोष देऊ नका. पहिल्या हंगामात माणशी पाचच गोण्या घ्या: ४० × ५ = २०० गोण्या, म्हणजे २० टन, जेमतेम एक मोठा ट्रक. काट्यावरच ६० टक्के उचल द्या, उरलेले पट्टी (विक्रीचा हिशेब) आल्यावर आठ दिवसांत. तुमचा निधी या उचलीसाठी फिरता ठेवा. ट्रकमधला माल विकला की निधी परत आला पाहिजे, तूट आली तर ती पट्टीवर लिहून सगळ्यांना दाखवा.

चाळ दुसऱ्या वर्षी. त्याआधी सुकवणी शिकवा: काढलेला कांदा पातीने झाकून शेतात तीन-चार दिवस, मान इंचभर ठेवून कापणी, मग सावलीत दहा-बारा दिवस. ओल्या मानेचा कांदा कुठल्याही चाळीत सडतो.

दिंडोरी_पाणीसंस्था:
आणखी एक. इथून तज्ज्ञ नेण्याआधी टांझानियातल्याच मोशी शहरातल्या सहकार विद्यापीठाला पत्र लिहा. कायदा त्यांचा, भाषा त्यांची. सचिवाला किर्द-खतावणी (हिशेबाच्या वह्या) तिथेच शिकू द्या.