अनुभव धागा: ‘तुझी टर्न झाली का?’ हिरोज थ्री आणि त्याच्या भावंडांच्या आठवणी

मंडळी, हा धागा टर्नबेस्ड खेळांसाठी. आपली चाल खेळायची, मग हात मागे घ्यायचा आणि समोरचा काय करतो ते बघत बसायचं, असे खेळ. हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक, मास्टर ऑफ मॅजिक, डिसायपल्स, वेसनॉथ, ज्यांनी जे खेळलं असेल त्यांनी लिहा. कुठला भाग सरस हा वाद इथे नको, तो आयुष्यभर पुरेल. तुम्ही कुठे बसून खेळलात, शेजारी कोण होतं, हे वाचायचंय. सुरुवात माझ्यापासून.

हिरोज थ्री, म्हणजे हिरोज ऑफ माइट अँड मॅजिकचा तिसरा भाग, १९९९ला आला. नाशिकच्या आमच्या घरी तो पोचला २००१च्या मे महिन्यात, आतेभावाच्या बॅगेतून, मार्करने ‘एच ३’ लिहिलेल्या सीडीवर. कॉम्प्युटर एक आणि खेळणारे तिघे: मी, आतेभाऊ आणि माझी धाकटी बहीण. हॉटसीट म्हणजे एकाच खुर्चीत आळीपाळीने बसायचं. पण दुसऱ्याचा नकाशा दिसला तर खेळात राम राहत नाही, म्हणून नियम केला की ज्याची टर्न नाही त्याने भिंतीकडे तोंड करून बसायचं. त्या भिंतीवर कालनिर्णय होतं. त्या मे महिन्यातल्या सगळ्या तिथी मला अजून आठवतात.

पाठ फिरवली तरी कान उघडे असायचे. या खेळात सरदाराचा घोडा गवतावरून गेला तर टापांचा आवाज वेगळा, वाळूवरून गेला तर वेगळा. आतेभाऊ दगडधोंड्यातून उत्तरेला सरकतोय हे मला न बघता कळायचं. त्यालाही माझं कळत असणार, पण आम्ही दोघंही बोलायचो नाही.

खेळात आठवडा सात दिवसांचा, आणि नवा आठवडा लागला की गावात नवं सैन्य तयार. पहिल्या दिवसाला आम्ही सोमवारच म्हणायचो. शत्रूचा किल्ला घ्यायचा तर रविवारपर्यंत घ्यायचा, सोमवार उजाडला की त्याच किल्ल्यात नवी फौज उभी. खेळात गावांचे प्रकार असतात, मी त्यातलं कॅसल घ्यायचो. एंजल, म्हणजे कॅसलचे सगळ्यात तगडे सैनिक, मिळायला पोर्टल ऑफ ग्लोरी बांधायचं, त्याला २०,००० सोनं आणि पारा, गंधक, स्फटिक, रत्नं प्रत्येकी १०. एकदा सगळं जमलं आणि रत्नं ९च होती. बाजारात एका रत्नाला इतकं सोनं मागत होते की बांधकामाचे पैसेच उरले नसते. रत्नांच्या खाणीकडे दोन दिवसांची वाट होती. मी सरदार तिकडे वळवला, आणि आतेभाऊ रविवारी संध्याकाळी माझ्या दारात उभा राहिला. त्या रात्री मी जेवलो नाही. आत्याने त्यालाच माझ्यासाठी ताट घेऊन पाठवलं.

आता तुम्ही लिहा.

*

डोंबिवलीहून लिहितेय. आमच्याकडे हा खेळ खरा खेळली ती आई. २००४ला मी होस्टेलला गेले, कॉम्प्युटर नुसता झाकून पडलेला. दिवाळीत घरी आले तर आई कॅसल घेऊन तिसऱ्या महिन्यात पोचलेली! कुणी शिकवलं विचारलं, तर म्हणाली, “लिहिलेलं असतं की सगळं, वाचायचं.”

आणि ती खरंच सगळं वाचायची. आपण खजिन्याची पेटी उचलतो तेव्हा खेळ विचारतो, सोनं स्वतःकडे ठेवणार की शेतकऱ्यांत वाटून अनुभव घेणार. मी कधी ते वाक्य पूर्ण वाचलंच नव्हतं, हजार सोनं दिसलं की क्लिक. आई दरवेळी वाटून टाकायची. मी म्हटलं, अगं पैसे लागतात सुरुवातीला. तर म्हणाली, “त्यांचंच असेल ते.” तिचा सरदार महिन्याभरात माझ्यापेक्षा चार पायऱ्या वर असायचा. पुढे कळलं की मुख्य सरदारासाठी मुरलेले खेळाडूही बऱ्याचदा अनुभवच घेतात.

दुसरी गोष्ट ग्रिफिनची, कॅसलच्या सैन्यातल्या पंखवाल्या प्राण्याची. एक जरी ग्रिफिन मेला तरी ती लढाई परत लोड करायची. मी म्हणायचे, आठवड्याला नवे मिळतात गं. “हो, पण ते दुसरे.” रॉयल ग्रिफिन तर कितीही वेळा हल्ला झाला तरी दरवेळी उलटून मारतो, त्यामुळे तिने त्यांना दारावरचे राखणदार केलं होतं. तिच्या शेवटच्या सेव्हमध्ये ६४ ग्रिफिन आहेत. ती फाइल मी प्रत्येक नव्या लॅपटॉपवर नेते. उघडते, पण खेळत नाही.

*

ताई, वाचून थांबलो थोडा वेळ.

मी मर्चंट नेव्हीत, मूळ रत्नागिरीचा. २००८ला एका मालवाहू जहाजावर थर्ड इंजिनीअर होतो. सेकंड इंजिनीअर ओडेसाचा, चीफ ऑफिसर पोलंडचा, दोघांचंही इंग्रजी कामापुरतं आणि माझं त्यांच्या भाषेत शून्य. पहिले पंधरा दिवस जेवताना कुणी कुणाशी बोललं नाही. मग एकदा मेसरूममध्ये माझ्या लॅपटॉपवर हिरोज थ्रीचा नकाशा दिसला आणि सेकंड साहेब ताट घेऊन माझ्याच टेबलावर येऊन बसला. त्यांच्याकडे हा खेळ म्हणजे आपल्याकडे कॅरम, घरोघरी.

त्याने मला साखळी शिकवली. माझा मुख्य सरदार आठवड्याला गावाकडे परत यायचा, नवं सैन्य घ्यायला. त्याने बोटानेच ‘नाही, नाही’ केलं. प्रत्येक सरदाराला रोजची आपली वेगळी चाल असते. म्हणून मधल्या वाटेवर छोटे सरदार उभे करायचे. पहिला गावातून सैन्य घेऊन निघतो, दुसऱ्याच्या हातात देतो, दुसरा त्याच दिवशी तिसऱ्याकडे. विहिरीवरून हातोहात घागरी याव्यात तसं चार दिवसांच्या वाटेवरचं सैन्य एका दिवसात पुढच्या फळीवर. मी वर्षानुवर्षं खेळत होतो आणि हे मला सुचलं नव्हतं.

सहा महिने आम्ही वॉच, म्हणजे ड्युटीची पाळी, संपली की खेळलो. पुढे हॉर्न ऑफ द अबिस हे चाहत्यांनी केलेलं मोठं विस्तारकाम आलं. त्यातलं कोव्ह हे गाव चाच्यांचं आहे आणि समुद्रावरच्या माणसाला ते आपलं वाटतं. ते मला कळलं तेसुद्धा त्याच्याच मेलमधून.

*

परभणी. मी मराठी शाळेतला. या खेळात समोरच्या राक्षसांचा आकडा सांगत नाहीत, शब्द सांगतात: फ्यू, सेव्हरल, पॅक, लॉट्स, होर्ड, थ्राँग, स्वॉर्म, झाउंड्स, लीजन. सातवीत मी हे शब्द वहीत उतरवून प्रत्येकापुढे मार खाऊन आकडा लिहिला. पॅक म्हणजे १० ते १९, होर्ड ५० ते ९९, थ्राँग शंभराच्या पुढे. झाउंड्स ५०० ते ९९९. मामाच्या जाड शब्दकोशात ‘झाउंड्स’ शोधला तर तिथे संख्या नव्हतीच, आश्चर्य किंवा राग दाखवायचा जुना उद्गार असं लिहिलं होतं. म्हणजे पाचशे जण बघून सरदाराच्या तोंडून जे निघालं, तेच त्यांनी छापलं! शब्दकोशाची पानं नुसती वाचायची सवय मला त्या दिवशी लागली. आज भाषांतरं करून पोट भरतो.

*

कराड. आमची युक्ती ड्रॅगनची. डंजन या गावाचे ड्रॅगन घ्यायचे, बाकी सैन्य घरी ठेवायचं आणि रणांगणावर आर्मगेडन टाकायचं. सगळं जळतं, ड्रॅगनला काही होत नाही, कारण त्यांच्यावर मंत्र चालत नाही. रेड असो की ब्लॅक.

*

दादा, रेडवर नका विसंबू. माझे १४ गेलेत. रेड ड्रॅगनला तिसऱ्या पातळीपर्यंतचेच मंत्र लागत नाहीत, आणि आर्मगेडन चौथ्या पातळीचा. ब्लॅकला मात्र कुठलाच मंत्र लागत नाही. रॅम्पार्ट या गावाचा गोल्ड ड्रॅगन चौथ्या पातळीपर्यंत सुरक्षित, म्हणजे तोही आगीतून चालत बाहेर येतो. हे मला कळलं तेव्हा समोरच्याचे सैनिक आणि माझे ड्रॅगन एकाच वेळी राख झाले होते.

*

पुणे, सदाशिव पेठ. मी एक भाग मागे जाते, हिरोज टू, १९९६. मैत्रिणीच्या भावाने हार्डडिस्कवर कॉपी करून दिला होता, त्यात संगीत होतं ते साधं, खेळण्यातल्या पेटीसारखं. मला तेच आवडायचं. दोन वर्षांनी मूळ सीडी हातात आली. त्या सीडीवर संगीत गाण्यांच्या कॅसेटसारखं वेगळं ध्वनिमुद्रित केलेलं आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ड्राइव्हमध्ये घातली, गावात शिरले, आणि बाई गायला लागल्या. ऑपेरा! मी माऊसवरून हात काढून घेतला. स्वयंपाकघरातून बाबा आले, ते वीस वर्षं शास्त्रीय शिकलेले. शब्द कळत नव्हते, पण म्हणाले, “श्वास बघ कुठे घेतेय.” नंतर ती सीडी त्यांनी सरळ म्युझिक सिस्टिमला लावली, पहिला ट्रॅक सोडून पुढचे. रविवारी सकाळी आमच्याकडे भीमसेनजींनंतर हिरोज टू लागायचं. तिसऱ्या भागाच्या संगीतात पॉल रोमेरो आणि रॉब किंग ही नावं वाचली तेव्हा ती वहीत लिहून ठेवली होती.

*

सांगली. ग्रेलबद्दल, नकाशात पुरलेल्या त्या खजिन्याबद्दल, कुणीच लिहिलं नाही? ऑबेलिस्क या दगडी खांबांना भेट द्यायची, दर नव्या खांबाला कोड्याचा थोडा भाग उघडतो, आणि शेवटी नकाशाच्या एका कोपऱ्यावर फुली दिसते. कुठला कोपरा, ते आपण ओळखायचं. माझा मोठा भाऊ आयटीआयला ड्राफ्ट्समन करत होता. त्याने ट्रेसिंग पेपर आणला, कोड्यातल्या नदीचं वळण आणि झाडांची रांग पेन्सिलने उतरवली. मग कागद काचेवर तसाच धरून खालचा नकाशा सरकवत राहिलो. जुन्या मॉनिटरच्या काचेला कागद आपसूक चिकटायचा. अर्धा तास काही जुळेना. मग एका ठिकाणी नदी नदीवर बसली. खणायला सरदाराची त्या दिवसाची सगळी चाल शिल्लक लागते, म्हणून त्याला त्याच चौकोनावर रात्रभर उभं केलं. सकाळी खणून ग्रेल गावात नेलं. तिथे कोलोसस ही इमारत उभी राहिली, रोजचं ५,००० सोनं जास्त, सैन्याची वाढ दीडपट. भावाने कागदावर तारीख घालून सही केली. तो कागद त्याच्या ऑफिसात फ्रेम करून लावलाय, लोकांना वाटतं कुठल्या तरी धरणाचा नकाशा आहे.

*

वेसनॉथ. फुकट, मुक्त सोर्स, २००३पासून चालू. कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्सच होतं, म्हणून तेच खेळलो. त्यात दिवस-रात्र आहे: माणसं उजेडात पाव पट जास्त जोरात मारतात, ऑर्क ही राक्षसी जमात अंधारात. म्हणून संध्याकाळ झाली की मागे सरकायचं, पहाट झाली की पुढे. प्रत्येक शिपायाला स्वतःचं नाव असतं, आणि पुढच्या मोहिमेत तोच परत बोलावता येतो. सहा मोहिमा सोबत आलेली एक तिरंदाज बाई जंगलात उभी असताना पडली. चार बाण, प्रत्येकी ३० टक्के शक्यता, चारही लागले. मी परत लोड केलं नाही. तेव्हा ते बरोबर वाटलं, अजूनही वाटतं.

*

न्यू जर्सी. १९९५ला इथे एमएसला आलो तेव्हा मी आणि नागपूरचा रूममेट मास्टर ऑफ मॅजिक खेळायचो. एकावर एक दोन जगं, आर्केनस आणि मिरॉर, मधून मनोरे. बाहेर गुडघाभर बर्फ, घरी फोन महाग, महिन्यातून एकदाच. तो कॉल झाला की आम्ही न बोलता मशीन चालू करायचो. समोरच्या जादूगाराने स्पेल ऑफ मास्टरी या खेळ जिंकून देणाऱ्या जादूला सुरुवात केली की खेळ तसं कळवतो, आणि ती पूर्ण व्हायच्या आत त्याचा किल्ला गाठायचा. एकदा पहाटे साडेचारला गाठला. रूममेट म्हणाला, “चहा टाक बे, आलं घालून.”

*

धागा काढणारा परत आलोय. सगळ्यांचं वाचलं, काहींचं दोनदा. डोंबिवलीच्या ताई, तुमच्या आईंचं वाक्य बहिणीला पाठवलंय.

आतेभाऊ आता म्युनिकला असतो. २०१९पासून आम्ही एकच मोठा नकाशा खेळतोय. आपली टर्न संपली की सेव्ह फाइल मेलवर पाठवायची, विषयात एवढंच लिहायचं: ‘तुझी’. मधे त्याला मुलगी झाली तेव्हा सात महिने माझी फाइल त्याच्याकडे पडून होती, आणि बाबांच्या आजारपणात त्याची माझ्याकडे. दोघांनीही एकमेकांना आठवण करून दिली नाही.

आज सकाळी फाइल आली. अकरावा महिना, दुसरा आठवडा, सहावा दिवस. माझा सरदार त्याच्या किल्ल्यापासून एका दिवसावर आहे, आणि उद्या रविवार. जेवून बसतो.