प्रतिसाद: पाण्याइतकाच मैल्याचाही विचार करा

राहायची सोय असलेल्या गाडीतून (कॅम्परव्हॅन) किंवा तंबू घेऊन फिरणाऱ्यांना आपल्या जमिनीवर मुक्काम करू द्यायचा, तर पाणी आणि सपाट जागा दिली की झालं, असं वरच्या लेखात म्हटलंय. पण खरी डोकेदुखी मैल्याची. गाडीतल्या संडासाच्या टाकीत वास घालवायला जी रसायनं घालतात, त्यांतली काही सेप्टिक टँकमधल्या जिवाणूंना मारक असतात. टाकी तुमच्याकडे रिकामी करू देण्याआधी काय वापरता ते विचाराच. तंबूवाल्यांना शौचासाठी विहीर-ओढ्यापासून निदान ६० मीटर लांब, १५-२० सेंटिमीटर खोल खड्डा करायला सांगा. वाळल्या गवतावर गाडी नको. तापलेल्या सायलेन्सरनेही गवत पेटतं (शेकोटीकडे सगळे बघतात, याकडे कुणीच नाही). आणि निघायची तारीख आल्या दिवशीच लिहून घ्या. मुदत वाढवणं सोपं, पण ‘कधी निघताय?’ हे विचारायला जीभ रेटत नाही.