दुश्मन शेजाऱ्याशी बोलत राहा म्हणणाऱ्या सल्लागारांचा उपयोग काय?

हर्णैचा_दर्या
सध्या दक्षिण कोरियाच्या मून चुंग-इन यांच्याबद्दल वाचतोय. योन्सेई युनिव्हर्सिटीचे प्रोफेसर, 2000 आणि 2007 च्या शिखर भेटींना, दोन्ही वेळा आपल्या राष्ट्राध्यक्षांबरोबर उत्तर कोरियाच्या राजधानीत, प्योंगयांगला गेलेले, 2017 ते 2021 तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मून जे-इन यांचे विशेष सल्लागार. एकच गोष्ट लावून धरली, उत्तर कोरियाशी बोलणं तोडू नका. पण 2006 ला तिकडे अणुचाचणी झालीच, 2020 ला केसाँगचं दोन्ही कोरियांचं संपर्क कार्यालय उत्तर कोरियाने स्फोटाने उडवलं. मग अशा माणसाने सरकारला दिलं काय? मनापासून विचारतोय, आमच्या बंदरावर पाकिस्तानचा विषय निघाला की धड बोलणंच होत नाही.

श्रीवर्धनकर
माझं मत स्पष्ट आहे, काही दिलं नाही. 1993 चं आरडीएक्स आमच्या शेखाडीला उतरलं. 2008 ला कुबेर बोट पकडून, तिच्या तांडेलाला मारून ते दहा अतिरेकी मुंबईत आले. किनाऱ्यावर राहणाऱ्याला आधी बंदोबस्त लागतो. आणि 2000 च्या भेटीआधी उत्तर कोरियाला गुपचूप करोडो डॉलर गेले होते, 2003 च्या चौकशीत बाहेर आलं ते, हेही लिहा की.

राजापूरची_शिक्षिका
पैशाचं खरं आहे आणि ते चूकच होतं. पण सल्लागाराचं काम कसं चालतं ते बघा. जून 2017 ला मून चुंग-इन वॉशिंग्टनमध्ये म्हणाले की उत्तर कोरियाने अणू आणि मिसाईलचे उद्योग थांबवले तर अमेरिकेसोबतच्या लष्करी कवायती कमी करण्यावर बोलता येईल. केवढा गदारोळ झाला, त्यांच्याच सरकारने हे त्यांचं वैयक्तिक मत म्हणून हात झटकले, वर समजही दिली. आणि वर्षभरात काय झालं? एप्रिल 2018 ला उत्तर कोरियाने चाचण्या थांबवल्याचं जाहीर केलं, जूनमध्ये सिंगापूरला उत्तर कोरियाच्या किम जोंग-उन यांना भेटल्यावर ट्रम्पनी कवायती थांबवतो म्हणून सांगितलं. मंत्र्याला जे तोंडातून काढता येत नाही ते प्रोफेसर आधी बोलून टाकतो, लोकांचा आणि समोरच्याचा अंदाज येतो, शिव्या त्याच्या वाट्याला. पुढे 2019 ला हनोईत ट्रम्प-किम बोलणी फिसकटली ते वेगळं, पण त्यासाठी प्रोफेसरला कसं धरणार?

हर्णैच्या माणसाला अजून एक सांगते. तिकडे कोरियाच्या पश्चिमेच्या समुद्रात चिंबोऱ्यांचा सीझन आला की हद्दीवरून दोन्हीकडच्या बोटी भिडायच्या, 1999 आणि 2002 ला नौदलांत गोळीबार झाला, 2002 ला दक्षिणेचे सहा नौसैनिक गेले. 2007 च्या भेटीत तिथे दोघांनी मिळून मासेमारी करायचं क्षेत्र ठरलं होतं. 2008 ला सरकार बदललं आणि ते कागदावरच राहिलं, मला याचं फार वाईट वाटतं.

डहाणूचा_खलाशी
श्रीवर्धनकर, बंदोबस्त हवाच, त्यात वाद नाही. पण आमच्या डहाणू-तलासरीकडची पोरं गुजरातच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जातात, रात्री जाळं ओढताना बोट कुठे सरकली कळत नाही आणि पाकिस्तानची सागरी सुरक्षा एजन्सी उचलते, मग कराचीचा जेल. घरी कमावणारा तोच असतो हो. भारत-पाकिस्तानचा 2008 चा करार आहे म्हणून 1 जानेवारी आणि 1 जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात, मच्छीमारांच्या वेगळ्या. मुंबई हल्ल्यानंतरही तो करार मोडला नाही. बोलणं बंद करा म्हणणाऱ्यांनी त्या यादीत भाऊ शोधणाऱ्या बाईशी एकदा बोलावं.

श्रीवर्धनकर
याद्यांना माझा विरोध नाही दादा. व्यापार, क्रिकेट, गळाभेटी याला आहे.

हर्णैचा_दर्या
म्हणजे पकडलेल्याला आपल्या वकिलातीचा माणूस भेटतो का?

डहाणूचा_खलाशी
करारात तीन महिन्यांच्या आत भेट द्यायची असं आहे, आणि शिक्षा संपून नागरिकत्व पक्कं झालं की महिन्याभरात सोडायचं. प्रत्यक्षात शिक्षा संपलेलेही तिथेच अडकून पडतात. म्हणून बोटीवर जाणाऱ्या प्रत्येकाच्या आधारकार्डाची आणि पत्त्याच्या पुराव्याची झेरॉक्स घरी ठेवा, मालकाकडे एक दिली म्हणून गप्प बसू नका, इकडे पोलीस घरी पडताळणीला येतात तेव्हा तीच लागते.