मदत हवी आहे: खाडीकाठच्या स्मारकाची वाट मोकळी करायची आहे, परवानगी कोणाची?

शिलेदार_पालघर
नमस्कार मंडळी. उत्तर लवकर हवंय. पुढच्या महिन्यात आमच्या इथल्या स्मारकापाशी मानवंदनेचा कार्यक्रम आहे आणि वाट पार बुजून गेली आहे. पोरं तयार आहेत, कोयते आहेत, जेसीबीवाला नुसत्या डिझेलवर यायला राजी आहे. अडलंय ते परवानगीवर. ह्या कार्यालयातून त्या कार्यालयात पाठवतात, लेखी कुणी काही देत नाही. चिमाजीअप्पांच्या पोर्तुगीजांविरुद्धच्या वसई मोहिमेत पडलेल्या वीरांचा चौथरा आहे आणि शेजारी दोन वीरगळ, म्हणजे वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड. असं काम कुणी केलं असेल तर अर्ज कुठे करायचा तेवढं सांगा.

भटक्या_०७
कुठलं स्मारक? संरक्षित आहे का? केंद्रीय पुरातत्त्व खात्याचा किंवा राज्य पुरातत्त्व विभागाचा निळा फलक आहे का? त्यावर सगळं अवलंबून आहे.

शिलेदार_पालघर
फलक नाही. आमच्या आजोबांपासून गावच सांभाळतंय.

चुनागच्ची
चौथऱ्याला सिमेंट लावू नका, एवढं आधी ऐका. खाऱ्या हवेत दगडात मीठ शिरतं. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंटमधून पडत नाही, मग ती दगडालाच आतून फोडते. सांध्यांतून पिंपळ-उंबर आले असतील तर उपटू नका, मुळाबरोबर अख्खा चिरा सरकतो. बुंधा कापायचा आणि मूळ मारायचं. ॲसिड ओतणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका, चुना विरघळतो.

शिलेदार_पालघर
दादा, चौथरा ठणठणीत आहे. प्रश्न वाटेचा आहे.

निवटी
वाटेवर नेमकं काय वाढलंय? गवत, घाणेरी, का तिवर?

शिलेदार_पालघर
झुडपंच आहेत. कमरेपासून डोक्याइतकी. खाली चिखल असतो.

निवटी
चिखलातून बोटभर उंचीची टोकदार मुळं सरळ वर आलेली दिसतात का? पानाची खालची बाजू पांढुरकी आहे का? भरतीचं पाणी तिथपर्यंत येतं का?

शिलेदार_पालघर
हो, पायाला टोचतात ती. पाणी उधाणाला येतं. पूर्वी नव्हतं येत, खारबंधारा फुटल्यापासून येतं.

निवटी
मग ते तिवर आहे, म्हणजे कांदळवन, आणि कृपा करून कोयता खाली ठेवा. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आणि २०१८ मध्ये अंतिम आदेश देऊन राज्यभर कांदळवन तोडायला बंदी घातली आहे. जमीन सरकारी असो, गावकीची असो की खासगी, फरक पडत नाही. कांदळवनाभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातही भराव किंवा बांधकाम चालत नाही. जेसीबी आत गेला तर गुन्हा तुमच्या पोरांवर दाखल होईल. म्हणून तुम्हाला लेखी कुणी देत नाही, कारण तहसीलदाराला किंवा ग्रामपंचायतीला अशी परवानगी देताच येत नाही.

दर्यासारंग_२
एवढं घाबरवू नका हो त्यांना. चार फुटांची पायवाट काढायला न्यायालय कशाला? आमच्याकडे रात्रीत काढली, कुणी विचारलं नाही. ज्यांनी रक्त सांडलं त्यांच्यापर्यंत जायला वाट नको?

निवटी
वाट हवीच. पण त्या चार फुटांत काय जगतं ते पाहा. निवट्या, चिंबोऱ्या, कालवं, कोळंबीची पिल्लं. ही मुळं गाळ धरून ठेवतात म्हणून भरतीचा मार तुमच्या चौथऱ्याच्या पायाला बसत नाही. बंधारा फुटूनही चौथरा ठणठणीत आहे म्हणता, त्यात ह्या तिवराचा वाटा आहे. तिवर काढलंत तर पुढच्या काही पावसाळ्यांत पायाखालचा गाळ वाहून जाईल.

बखरवाचक
वादात दोघेही रणभूमी विसरताय. वसईचा वेढा डोळ्यासमोर आणा. किल्ल्याला तीन बाजूंनी पाणी आणि दलदल, जमिनीची वाट फक्त उत्तरेकडून. म्हणून मराठ्यांचे मोर्चे तिकडे लागले, सेंट सेबास्टियन बुरुजाखाली सुरुंग तिकडे खणले गेले आणि मे १७३९ मध्ये पोर्तुगीज शरण आले ते त्या बाजूच्या खिंडारांमुळे. चिखल आणि खाजण (भरतीच्या पाण्याची दलदल) ही त्या लढाईतली अडचण होती, ती पाहिल्याशिवाय त्या माणसांनी काय सोसलं ते कळत नाही. खाडीकाठचं स्मारक भराव टाकून सपाट केलं की तिथे फक्त दगड उरतो, रणभूमी उरत नाही. आता माझा प्रश्न: चौथरा नक्की १७३७-३९ चाच कशावरून? शिलालेख आहे? तारापूरला जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांचे सरदार बाजी भिवराव पडले, त्या भागातला आहे का?

शिलेदार_पालघर
शिलालेख नाही. परंपरेने सांगतात. वीरगळ तरी बघा ना, लढणारी माणसं आहेत त्यावर.

बखरवाचक
वीरगळ त्याहून कितीतरी जुने असण्याची शक्यता जास्त. उत्तर कोकणात शिलाहारकाळातले बरेच सापडतात. बोरिवलीजवळ एकसरला जाऊन या, तिथल्या वीरगळांवर वल्ह्यांची जहाजं आणि समुद्रावरची लढाई कोरलेली आहे. शिलाहार राजा सोमेश्वर आणि यादव राजा महादेव यांच्या तेराव्या शतकातल्या झुंजीशी अनेक अभ्यासक ते जोडतात. तुमच्या दगडावर होडी आहे का?

शिलेदार_पालघर
खालचा भाग शेंदराने भरलाय, दिसत नाही.

चुनागच्ची
तो शेंदूर खरवडू नका! तारेचा ब्रश तर मुळीच नको. राज्य पुरातत्त्व विभागाला फोटो पाठवा, त्यांचा माणूस येऊन पाहील.

दर्यासारंग_२
वसईवरून आठवलं, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा वसईच्या चर्चमधली आहे. १७२१ साल आहे तिच्यावर. अशा घंटा कुठे कुठे आहेत याची कुणाकडे यादी आहे?

भटक्या_०७
मेणवलीला एक आहे, भीमाशंकरला एक. पण दादा, त्यासाठी वेगळा धागा काढा.

किनारा
कार्यक्रमात फ्लडलाइट असणार का? समोर पुळण असेल तर नको. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं रात्री वाळूतून वर येतात आणि उजेडाकडे धावतात. समुद्र सोडून दिव्यांकडे जातात आणि मरतात. वेळासला कासव महोत्सवाच्या वेळी हे समजावून सांगतात, जमलं तर एकदा जाऊन पाहा.

शिलेदार_पालघर
पुळण नाही, खाडी आहे. कार्यक्रम दिवसाचा आहे. हो, चौथऱ्यामागच्या मोठ्या झाडावर गरुडाचं घरटं आहे, भलं मोठं काटक्यांचं. त्याचा काही संबंध येतो का?

निवटी
येतो! पोट पांढरं असेल तर तो समुद्री गरुड. घरट्यात पिल्लू आहे का ते लांबून दुर्बिणीने बघा. असेल तर ढोल-ताशा, फटाके आणि ड्रोन पूर्ण बंद. आणि जागेचं नाव इथे लिहू नका, फोटोही टाकू नका. घरटं कळलं की कॅमेरेवाल्यांची रांग लागते.

शिलेदार_पालघर
बरं, नाव लिहीत नाही. ताशा बंद करायला मंडळाला समजावतो. पण माणसं पोचणार कशी? म्हातारी मंडळीही आहेत. लाकडी फलाट घालता येईल का, ऐरोलीला आहे तसा?

भटक्या_०७
घालता येतो, पण महिन्याभरात नाही. त्याला किनारा नियमन क्षेत्राची मंजुरी लागते, शिवाय वनविभागाचा कांदळवन कक्ष आहेच. एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. ह्याच किनारा नियमनाच्या २०१९ च्या अधिसूचनेत कांदळवन आणि पुरातत्त्वीय महत्त्वाच्या वास्तू एकाच १-अ वर्गात, म्हणजे सर्वांत संवेदनशील जागांत आहेत. स्मारकाची नोंद करून घेतलीत तर पुढच्या अर्जात दोन्हींच्या रक्षणासाठी म्हणून फलाट मागता येईल.

कोळीवाडा_नाखवा
होडीने जा की. कार्यक्रम कुठल्या तिथीला?

शिलेदार_पालघर
रविवार आहे, वद्य दशमी.

कोळीवाडा_नाखवा
तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. दशमीला साडेसात. पण ते भांगाचं पाणी, म्हणजे भरती कमी चढते, होडी चौथऱ्याला लागायच्या आधी चिखलात रुतेल. चालत जायचं तर ओहोटी दुपारी दीडला, मे महिन्यात म्हाताऱ्यांना नेऊ नका. तीन दिवस पुढे ढकला. तेरसेला पावणेदहाला भरती, तुम्ही खाडीत आत आहात म्हणून अर्धा तास उशीर धरा. पाणी चांगलं चढलेलं असेल. सव्वानऊला निघा, साडेअकराच्या आत परता. जाकिटं सगळ्यांना, पोहता येणाऱ्यांनाही.

दर्यासारंग_२
बुधवारी माणसं कशी येणार? रविवारच ठेवा आणि फळ्या टाका चिखलावर.

निवटी
फळ्यांखाली ती टोकदार मुळं मोडतात. झाड त्यातूनच श्वास घेतं.

शिलेदार_पालघर
रविवारचा मेळावा गावात शाळेच्या पटांगणात घेतो. तेरसेला मोजकी पंचवीस माणसं दोन होड्यांतून मानवंदनेला. मंडळाच्या अध्यक्षांना आत्ताच फोन केला, ते होडीला तयार आहेत. आता पत्र कोणाच्या नावाने लिहू?

भटक्या_०७
तहसीलदारांच्या नावाने, प्रत कांदळवन कक्षाला आणि स्थानिक पोलीस ठाण्याला. पत्रात स्पष्ट लिहा: तोड नाही, भराव नाही, वाहन नाही, ध्वनिक्षेपक नाही, येणं-जाणं फक्त पाण्यातून. स्मारकाच्या नोंदीचा अर्ज राज्य पुरातत्त्व विभागाकडे वेगळा करा, दोन्ही एका पत्रात घालू नका. आणि पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका.