शब्दचर्चा: आतड्यात नसतात त्या 'स्नायूपेशी' की 'मज्जापेशी'?

रानजाई: लहान बाळांच्या हिर्शस्प्रुंग आजारावर (जन्मापासून आतड्याचा शेवटचा भाग आवळलेला राहून शी अडते तो) आईवडिलांसाठी एक पत्रक मराठीत करतेय. मूळ मसुदा एका बंगाली सहकाऱ्याने हिंदीत लिहिलाय. त्यात 'आंत के आखिरी हिस्से में स्नायु कोशिकाएं नहीं होतीं' असं आहे. 'स्नायूपेशी नसतात' असं लिहून टाकणार होते, पण पुढचंच वाक्य 'इसलिए वहां की मांसपेशियां सिकुड़ी रहती हैं'. स्नायूच नाहीत तर आकसतंय काय? चेतापेशी, मज्जापेशी, नसा... आईला काय कळेल?

चकवाचांदण: बंगालीत स्नायु म्हणजे आपला मज्जातंतू. मसलला स्नायू म्हणतो ते आपण. सुश्रुताने ९०० स्नायू आणि ५०० पेशी मोजल्यात. त्याचा स्नायू म्हणजे बांधणारा दोर आणि पेशी म्हणजे मसल! आपण दोन्ही शब्दांची वाट लावली. आतातरी सुधारा.

उंबरठा: सुधारा म्हणजे काय करा? पेशी म्हणजे मसल केलं तर रक्तपेशींना काय म्हणायचं? व्यायामशाळेतला पोरगा 'स्नायू आखडला' म्हणतो आणि सगळ्यांना कळतं. विषय संपला.

निवृत्त डॉक्टर: रानजाईताई, तुमच्या वाक्यात अभिप्रेत आहेत मज्जापेशी. आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात: आत गोल, बाहेर उभा. मोठ्या आतड्यात हा उभा थर मुख्यतः तीन पट्ट्यांत गोळा झालेला असतो, म्हणून त्याला चुण्या पडल्यासारखे फुगे दिसतात. दोन थरांच्या मधे मज्जापेशींचं जाळं असतं, औरबाख या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखलं जाणारं. ते मेंदूला न विचारता बरंचसं काम उरकतं. बेलिस आणि स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८९९ मध्ये कुत्र्याच्या लहान आतड्यावर दाखवलं की बाहेरून येणाऱ्या नसा तोडल्या तरी घासाच्या मागचा भाग आवळतो आणि पुढचा सैल पडतो.

एक सावधगिरी. 'मज्जापेशी नाहीत' वाचलं की लोक 'तो भाग लुळा पडलाय' असं समजतात. उलट आहे. सैल पडायचा हुकूमही याच पेशी देतात. हुकूम देणारं कोणी नाही, म्हणून तो तुकडा कायम आवळलेला, आणि त्याच्या वरचं चांगलं आतडं तुंबून फुगतं. गर्भात या पेशी वरून खाली सरकत येतात. वाटेत थांबल्या की कमतरता राहते ती शेवटाकडे. पत्रकात 'लुळा' शब्द येऊ देऊ नका. आणि जन्मल्यावर ४८ तासांत बाळाला पहिली काळपट शी झाली नाही तर दाखवा, हे ठळक छापा.

मोगरा_७: डॉक्टर, चेतापेशी का नको? शाळेच्या पुस्तकात चेतासंस्थाच आहे. मज्जा म्हटलं की आमच्याकडे हाडातली मज्जा, म्हणजे नळीतला रस्सा.

उंबरठा: चेता हा पुस्तकातच राहिलेला शब्द. कुणाची 'चेता दबली' ऐकलीय? नस दबते. कंबरेत, मानेत, सगळीकडे नसच दबते.

चकवाचांदण: नस ही रक्ताचीही असते! इंजेक्शनला नस सापडत नाही म्हणतात ती कुठली? म्हणूनच शुद्ध शब्द हवेत.

मोगरा_७: शुद्ध शब्द हवेत तर चकवाचांदण, परवा तुम्हीच 'मसल पेन' लिहिलं होतंत.

खडीसाखर: मला वेगळंच विचारायचंय. आमच्या घरी चहाचा कप रिकामा व्हायच्या आत सासरे उठतात, 'वेग आला' म्हणतात. हा वेग कुठून येतो?

निवृत्त डॉक्टर: जठर ताणलं की मोठ्या आतड्याला निरोप जातो. मग दिवसातून मोजक्याच वेळा येणारी ती मोठी लाट उठते आणि मल पुढे ढकलला जातो. सकाळी उठल्यावर आतडं तसंही जागं होत असतं, त्यात चहा. शेवटचा दरवाजा दुहेरी असतो: आतला आपल्या ताब्यात नाही, बाहेरचा आहे. सासरेबुवा नळावरची रांग पाहून दम धरतात तो बाहेरच्याच्या जोरावर.

खडीसाखर: आमच्याकडे नळ घरात आहे हो! पण 'कळ काढणे' म्हणजे हेच ना? यंत्राची कळ आणि पोटातली कळ एकच असणार. कळ दाबली की हालचाल सुरू.

चकवाचांदण: काहीही! यंत्राची कळ 'कला'वरून. पोटातल्या कळेचा तिच्याशी काय संबंध?

उंबरठा: मग 'भांडणाची कळ लावली' त्यातली कळ कुठली, ते सांगा. पोटातली की यंत्रातली?

रानजाई: मंडळी, पत्रक सोमवारी छापायला जातंय. 'आतड्याला हलवणाऱ्या नसांच्या पेशी' असं लिहू का?

मोगरा_७: मालवणीत पोटात 'मुरडा' येतो, 'कळ' नाही. ही कळ देशावरची.

चकवाचांदण: मुरडा वेगळा. तो पीळ पडून येतो, कळ सरळ असते.

उंबरठा: सरळ कळ तुम्हाला कधी आली होती?